आम्ही साबण काढला ते दिवस

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा असेन. माझा जोडीदार माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. दोघंही घाटनांदूरचे. माझ्या घरी शेती, त्याच्या घरी तेलाचा घाणा. मी मोमिनाबादेला, म्हणजे आताच्या अंबाजोगाईला, उर्दू मिडलपर्यंत शिकून घरी बसलो होतो. शिकलेल्या पोराला औताला जुंपायची वडलांना लाज वाटे, आणि कचेरीत चिकटवायला आमची कुणाची ओळख नव्हती. त्यामुळे मी दिवसभर नुसता हिंडायचो. वेशीपासून मळ्यापर्यंत आणि मळ्यापासून परत वेशीपर्यंत. जेवायला बसलो तरी एक पाय उंबऱ्याकडे असायचा. आई म्हणायची, या पोराच्या पायाला भिंगरी बांधलीय.

जोडीदार माझ्यापेक्षा वाईट. तो सोलापुरास गिरणीत म्हणून गेला, तिथून एका साबणाच्या भट्टीवर लागला आणि तीन महिन्यांत मुकादमाशी भांडून परत आला. आला तो थेट आमच्या मळ्यात. मी बैलांना पाण्यावर नेत होतो. रामराम नाही, कसा आहेस नाही.

"ते बैल सोड बे," तो म्हणाला. "आपुन साबण काढू."

"आपल्याला काय येतंय त्यातलं?"

"मला समदं येतंय. म्या सोताच्या डोळ्यानं बघितलंय. तेल, पाणी अन् कास्टिक. ढवळायचं, वतायचं, कापायचं. तेल माज्या बापाचं, पाणी तुज्या हिरीचं. कास्टिक लातूरला मिळतंय. आजून काय पायजे?"

आजून बरंच काही पाहिजे होतं, ते आम्हाला पुढं कळलं. पण त्या दिवशी मी बैल तसेच सोडून त्याच्याबरोबर बांधावर बसलो, आणि दिवस मावळेपर्यंत आम्ही मनातल्या मनात अर्ध्या जिल्ह्याची धुणी धुऊन काढली.

नवा धंदा काढणाऱ्याला सरकार मदत करतं, असं मी मिडलच्या मास्तरांकडून ऐकलं होतं. कचेरीचं कामकाज उर्दूत चाले, म्हणून मी उर्दूत अर्ज लिहिला. चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिला. अक्षर माझं चांगलं, त्यामुळे अर्ज दिसायला फार सुंदर झाला. तो घेऊन आम्ही बीडला गेलो आणि कचेरीच्या ओट्यावर तीन दिवस बसून राहिलो. चौथ्या दिवशी आत बोलावणं आलं. पांढऱ्या दाढीचे एक अंमलदार होते. त्यांनी अर्ज सावकाश वाचला, अक्षराचं कौतुक केलं आणि विचारलं, "तुममें से साबन किसने बनाया है?"

मी जोडीदाराकडे बघितलं. तो म्हणाला, "देखा है, सरकार."

"और खरीदा किसने?"

आता जोडीदारानं माझ्याकडे बघितलं. त्यांनी टाक उचलला, अर्जाच्या कोपऱ्यात 'नामंजूर' लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. आवाजात राग नव्हता. "पहले बनाके लाओ, बाबा. फिर बात करेंगे."

बाहेर आलो तेव्हा माझे कान तापले होते. ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना आमचा निकाल कळला आहे असं मला वाटत होतं. परतीच्या वाटेवर मी एक शब्द बोललो नाही. जोडीदार मात्र पुढं पुढं चालला होता, त्याला गाठताना मला धाप लागली.

"एवढी काय घाई हाय?" मी ओरडलो.

"त्येनं न्हाई कुठं म्हटलं? आदी करून आना म्हटला. मग करायला नको?"

एकाच खोलीत, एकाच माणसासमोर आम्ही उभे होतो. मी नकार ऐकला होता आणि यानं हुकूम ऐकला होता.

माझ्या हातात चांदीचं कडं होतं, ते मोडून कास्टिक, म्हणजे साबणाचा खार, आणलं. आमच्या गुऱ्हाळाची एक जुनी गळकी काहील पडवीत पालथी पडली होती. तिला डाग मारून घेतला आणि मळ्यातल्या पत्र्याच्या छपराखाली दगडांवर मांडली. जोडीदाराच्या वडलांनी करंजाच्या बियांचं आणि सरकीचं तेल दिलं, पण देताना तोंड फिरवून दिलं. पाण्यात कास्टिक टाकलं तेव्हा खाली जाळ नसताना पाणी उकळल्यासारखं तापलं आणि वाफ निघाली. मी चार पावलं मागं सरलो. जोडीदार हसला. त्याच्या दृष्टीनं साबण तिथंच झाला होता.

लाकडी चौकटीत माल ओतला, तारेनं वड्या पाडल्या. मातकट पिवळ्या, करंजाच्या उग्र वासाच्या. चौथ्या दिवशी त्या हाताला थोड्या घट्ट लागू लागल्या.

"वाळू दे की अजून," मी म्हटलं.

"बाजारात वाळंल. तितं काय ऊन न्हाई का?"

मीही फार ताणलं नाही. खरं सांगायचं तर मलाही राहवत नव्हतं. रोज सकाळी उठून मी त्या वड्या उलट्या करायचो आणि संध्याकाळी पुन्हा सुलट्या.

मोमिनाबादेच्या दोन दुकानदारांनी वडी नुसती हुंगून परत दिली. एकानं तर हात धुतले, आणि तेही आमच्यासमोर दुसऱ्या साबणानं. मग आम्ही तट्टावर गोणी टाकून सिरसाळ्याचा आठवडी बाजार गाठला. तिथं मात्र माल खपला. विलायती वडीपेक्षा स्वस्त, आकारानं मोठी, आणि जोडीदाराचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जाणारा. दुपारपर्यंत गोणी रिकामी. परत येताना त्यानं तट्टाच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. आठवडाभर आम्ही जमिनीवर नव्हतो. तेलगाव घ्यायचं, मग माजलगाव, मग थेट बीड. त्या अंमलदारांच्या टेबलावर वडी नेऊन ठेवायची, हेही ठरलं.

दुसरी गोणी भरून पुढच्या बाजाराला गेलो तेव्हा आमची जागा मोकळी होती, पण आजूबाजूला लोक आधीच जमलेले होते. मला वाटलं, गिऱ्हाईक वाट बघतंय. जोडीदारानं गोणी उतरवली आणि तोंड उघडणार, तोच एक धिप्पाड म्हातारा पुढं झाला. गळ्यात माळ, खांद्यावर घोंगडी. त्यानं आमचीच अर्धी झिजलेली वडी आमच्यापुढं टाकली.

"ह्यात चरबी हाय," तो म्हणाला.

सगळा बाजार थांबल्यासारखा झाला. चरबीचा साबण म्हणजे घराघरातनं बाटवल्याचा बोभाटा. आमचा साबण राहिला बाजूला, गावात तोंड दाखवणं कठीण झालं असतं.

"न्हाई वो," जोडीदार म्हणाला. "माज्या बापाच्या घान्याचं तेल हाय. करंज अन् सरकी. आईची आन."

"मग सुनंच्या हाताची सालं कावून निघाली? कापडाचा रंग कावून उडाला? तेलानं असं होतंय का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "यानला इचारतो काय, गोनी फेका की वढ्यात."

आणि मग माझ्या जोडीदारानं भलतंच केलं. गोणीतली एक ताजी वडी काढली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि म्हणाला, "चरबी आसती तर म्या तोंडाला लावली आसती का?" आणि भाकरीचा तुकडा मोडावा तसा तिचा कोपरा दातांनी तोडून चावला.

लोक हसले. तोही हसायला गेला. मग त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं घास थुंकला, पुन्हा थुंकला, दोन्ही हातांनी तोंड धरलं आणि खाली बसला. मी पाण्याचा तांब्या शोधत सैरावैरा धावू लागलो. लोकांचं हसणं वाढलं.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई वाट काढत आली. सिरसाळ्याची परटीण होती, पन्नाशीची. मागच्या बाजारी तिनं आमच्याकडून वडी घेतली होती, हे मला तिचा चेहरा बघून आठवलं. तिनं आधी शेजारच्या गवळणीचं ताकाचं गाडगं उचललं.

"आदी गुळन्या कर. गिळू नको. थुक, आनि पुन्ना घे," ती त्याला म्हणाली. मग म्हाताऱ्याकडे वळून मोठ्यानं बोलली, "चरबी न्हाई यात, आजोबा. चरबीचा साबन म्या वळखते. यात खार हाय, नुसता खार. ह्या दोगास्नी काय बी कळत न्हाई, येवडंच हाय."

तिनं आपले दोन्ही हात पुढं केले. बोटांची पेरं लालभडक, तळव्याला चिरा. ते हात तिनं आधी म्हाताऱ्याला दाखवले, मग मला. मला बराच वेळ दाखवले.

म्हातारा पुटपुटत गेला. गर्दी पांगली. माल तसाच राहिला. जोडीदार ताकाच्या गुळण्या करत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी परटिणीला म्हटलं, "मावशी, उपकार झाले."

"उपकार कशाचे? माजे चार दिस गेले तुमच्या वडीपायी. एक इचारू का, मालक? राग येऊ देऊ नका. तुमी कदी कापडं धुतलीत का?"

"न्हाई."

"ह्येनं?"

जोडीदारानं गाल फुगलेले असतानाच मान हलवली.

"मग कापडं धुयाचा साबन काडलाच कसा?"

घोड्यावर न बसलेल्या माणसानं खोगीर शिवावं तसं आमचं झालं होतं, पण हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा फक्त तिथून पळून जावंसं वाटत होतं.

पुढचे आठ दिवस जोडीदाराला भाकरी खाता आली नाही. ताकात कण्या कालवून तो त्या पीत होता, आणि बोलता येत नसल्यामुळे आणखीच अस्वस्थ झाला होता. त्याच्या अंगणात मी बसायचो, तो फेऱ्या घालायचा. मी म्हणालो, बंद करू हे. त्यानं नाही म्हणून मान हलवली. मी म्हणालो, मग करायचं काय? त्यानं खाली वाकून धुळीत बोटानं एक शब्द लिहिला. जेमतेम मोडकं लिहिता येत होतं त्याला. 'मावशी.'

आम्ही सिरसाळ्याला जाऊन राहिलो. जोडीदाराच्या आत्याचं घर होतं तिथं. घरी मी सांगितलं की माल खपवायला जातो. परटिणीला म्हणालो, मावशी, आम्हाला धुणं शिकवा. तिला आधी ती थट्टा वाटली. मग तिनं आमच्याकडे नीट बघितलं आणि एक गाठोडं माझ्या डोक्यावर दिलं.

त्या तीन आठवड्यांइतकं काम मी जन्मात केलं नाही. खडकावर धोतरं आपटताना खांदे भरून यायचे. नदीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पाय पांढरे पडायचे. वाटेनं जाणारे लोक थांबून बघत. कुणब्याचं पोर परटाचं काम करतंय, ही बातमी माझ्याआधी घाटनांदूरला पोचली. चौथ्या दिवशी वडील घोडीवर बसून आले. घाटावर उतरलेसुद्धा नाहीत.

"कुनाची धुनी हायत ती?"

"गावाची, आबा."

"आनि तू कुनाचा?"

मी हातातलं ओलं लुगडं पिळत राहिलो. ते खाली टाकायचं धाडस झालं नाही आणि वर बघायचंही नाही. वडील घोडी वळवून गेले. पुढं सहा महिने ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. त्या दिवशी मला वाटलं होतं की उठावं आणि घोडीमागं धावत जावं. पाय अक्षरशः हलले होते. परटीण बाजूलाच होती. ती म्हणाली, "पीळ नीट दे, पानी ऱ्हायलंय."

तिच्याकडून आम्ही काय शिकलो ते सांगणं कठीण आहे, कारण ती काही शिकवत नव्हती. ती काम करायची आणि आम्ही चुकलो की खेकसायची. आमचीच वडी आम्ही आमच्याच हातांनी वापरली, आणि दोन दिवसांत माझी पेरं तिच्यासारखी लाल झाली. नदीच्या पाण्यात वडीला फेस येत होता. त्याच वडीनं तिच्या घरामागच्या विहिरीच्या जड पाण्यात कपड्यावर राखाडी साका धरला. पहिल्या बाजारी आम्ही ज्यांना माल विकला होता, त्यातली निम्मी घरं विहिरीवर धुणारी होती.

एकदा तिनं छपराच्या वळचणीतून एक वडी काढली. आमच्याच पहिल्या मालातली. रागानं तिथं कोंबून ठेवलेली. महिनाभर वाऱ्यावर राहून ती हलकी, टणक झाली होती. तिनं ती हातावर घासली, वास घेतला आणि म्हणाली, "ही बगा, आता येवडी चावत न्हाई. तुमी पापड तरी वाळू देता का न्हाई? ह्येला कावून न्हाई दिलं?"

जोडीदार माझ्याकडे बघू लागला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. घाई दोघांची होती.

पण वाळवूनही खार पुरता जात नव्हता. घाटनांदूरला परतल्यावर आम्ही छोट्या भांड्यात घाण काढू लागलो. घाण म्हणजे एका वेळचा माल. दर घाणीला कास्टिक थोडं कमी. पारख जिभेवर. वडीवर ओलं बोट घासायचं, बोट जिभेच्या टोकाला लावायचं आणि थांबायचं. मुंगी चावल्यासारखं झालं, तर खार उरलाय. ही पारख जोडीदारच करायचा. त्याच्याइतकी जाणती जीभ माझी नव्हती. सातव्या की आठव्या घाणीला तो बोट तोंडात तसंच ठेवून बसला.

"काय झालं?"

"काय न्हाई झालं," तो म्हणाला. आणि मग एकदम कपाळावर हात मारून घेतला. "खोबरेल! आरं, सोलापुरात ते खोबरेल वापरत व्हते. आक्क्या भट्टीला खोबऱ्याचा वास यायचा. त्येला खार लई लागत आसंल. आन् म्या मूरखानं तितलंच माप करंजाला घातलं!"

तीन महिने डोळ्यांनी बघितलं होतं त्यानं सगळं. पिंपात काय आहे ते मात्र विचारलं नव्हतं. त्यावर आम्ही दोघं इतके हसलो की त्याची आई बाहेर येऊन बघून गेली. हसता हसता मला रडू येईल की काय असं वाटत होतं. पहिलं माप चुकल्यापायी किती बायकांचे हात फाटले असतील, ते मी त्या दिवसापर्यंत मनात येऊ दिलं नव्हतं.

नवा माल सव्वा महिना मांडणीवर ठेवला. ते दिवस फार वाईट गेले. करायला काही नाही आणि बसवत नाही. जोडीदार दोनदा लातूरला जाऊन आला, काही काम नसताना. शेवटी वड्या घेऊन सिरसाळ्याला गेलो. आणि कुणी हात लावला नाही. एकही माणूस नाही. "तोंड भाजनारा साबन आला," म्हणून पोरंसोरं आमच्याभोवती नाचली. जोडीदार ओरडून ओरडून सांगत होता, नवा हाय, निराळा हाय. जितकं ओरडेल तितके लोक लांबून जात. चांगला माल घेऊन तसं बसणं हे वाईट माल घेऊन बसण्यापेक्षा जड होतं.

दुपारी परटीण आली. तिनं एक वडी घेतली, आमच्यादेखत जिभेला लावली, आणि गोणी उचलायला सांगितलं.

"बाजारात नगा विकू. हितं तुमचं नाव गेलंय. माज्या घरी टाका."

तिनं त्या वड्या आपल्या भावकीत वाटल्या. सिरसाळा, तेलगाव, वाटेवरची खेडी, जिथं जिथं तिच्या लेकी-भाच्या दिल्या होत्या तिथल्या नदीवर धुणाऱ्या परटांकडे. दोन महिने काही कानावर आलं नाही. मग एक दिवस तेलगावचा परीट मळ्यात येऊन उभा राहिला. लोक विचारतात म्हणाला, आमच्या कापडाला आता वास येत नाही आणि रंग राहतो, तू काय लावतोस? त्याला दोन गोण्या पाहिजे होत्या.

त्यानंतर काम चाललं. फार मोठं झालं नाही. बीडच्या अंमलदारांकडे वडी न्यायची राहूनच गेली. पुढं कळलं की त्यांची बदली झाली. काम चालू लागल्यावर जोडीदाराचं मन उडालं. जे रोज तसंच होतं त्यात त्याला रस नव्हता. तिसऱ्या वर्षी तो हैदराबादला गेला. तिथं त्यानं सोडावॉटर काढलं, ते बुडालं. मग काडेपेट्या, त्याही बुडाल्या. दरवेळी त्याचं पत्र यायचं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, आणि त्यात बुडाल्याबद्दल अर्धी ओळ आणि पुढच्याबद्दल दोन पानं. शेवटी रंगाच्या धंद्यात त्याचं बस्तान बसलं. मी काहील चालवत राहिलो, दुसऱ्या महायुद्धात कास्टिक यायचं बंद होईपर्यंत.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. त्या परटिणीला आम्ही कधी वाटा दिला नाही. वड्या फुकट द्यायचो, दिवाळीला लुगडं द्यायचो, आणि आपण फार करतो असं समजायचो. वाटा द्यावा हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. मला सुचलं ते पुष्कळ वर्षांनी, भट्टी बंद करताना. तेव्हा ती थकली होती, तरी घाटावर येऊन बसायची. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "मावशी, तुमचा वाटा व्हायला पाहिजे होता. आम्ही विचारलंसुद्धा नाही. तुम्ही घेतला असता का?"

"इचारलं आसतं तर घेतला आसता की," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि मला माफ केल्यासारखंही नव्हतं. पुढं तिनंच विचारलं, ती मोठी काहील आता कशाला लागणार आहे. मी म्हटलं, कशालाच नाही. मग ती म्हणाली, सुनेला कापडं उकळायला द्या.

दुसऱ्या दिवशी मी ती गाडीत घालून तिच्या दारात उतरवली.